नर विकण्याआधी तारखा बघा

जतच्या दादांनी विचारलंय की मृगाचा पाऊस होऊन हवा गार झाली, त्यानंतर डुकराच्या नराकडून भरवलेल्या 12 माद्यांपैकी 5 उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या. आता नर बाद समजून विकायचा का?

दादा, एवढ्यात विकू नका. नराचं वीर्य तयार होऊन बाहेर पडायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे जूनच्या मध्याला ज्या वीर्याने तुम्ही माद्या भरवल्या, ते एप्रिलअखेरीस आणि मे महिन्यात तयार होत होतं. जत, आटपाडी, इकडं माणदेशात तेव्हा पारा चाळीशीला टेकलेला असतो. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. तीस अंशांच्या वर दोन-तीन दिवस सलग काढले तरी नराचं वीर्य बिघडतं, आणि ते दिसतं पंधरा दिवस ते महिन्यानंतर. नर तोपर्यंत खातोय, मादीवर चढतोय, बाहेरून काही कळत नाही. एखादा जोराचा ताप येऊन गेला असेल तरी हेच होतं.

आता वही काढून बघा, माद्या किती दिवसांनी उलटल्या. 18 ते 24 दिवसांत उलटल्या असतील तर बहुतेक गर्भ धरलाच नाही. तिथं नराकडे किंवा भरवायच्या वेळेकडे बघायचं. पंचवीस दिवसांच्या पुढं, आडवेळी माजावर आल्या असतील तर गर्भ धरून आत जिरला. तो उन्हाचा ताण असतो, नाहीतर आजार. भरवल्यापासून पहिला महिना गर्भाला फार नाजूक, म्हणून त्या काळात मादीला गाडीत घालून हलवणं, नव्या कळपात सोडणं, दुपारी उन्हात ठेवणं, सगळं टाळा. गर्भपात दिसला तर मात्र अंदाज बांधत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवून रक्त तपासून घ्या.

नराला दीड-दोन महिने गारव्यात ठेवा. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर, पत्र्याला वरून चुना. अंगावर पाणी मारून ते वाऱ्याने सुकू द्यायचं, मग पुन्हा मारायचं. शेडात पाणी साचवून दमट करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. वारा नसेल तर त्या ओलीने जनावर आणखी घुसमटतं. पाण्याची काळी टाकी उन्हात असेल तर तिला सावली करा. पिल्लं पाजणारी मादी दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पिते, आणि गरम पाण्याला ती तोंड लावत नाही. पाणी कमी की खाणं कमी, खाणं कमी की अंग झडतं. मग पिल्लं दुधावरून तोडल्यावर चार ते सात दिवसांत माजावर यायची ती लांबते. खाद्य पहाटे आणि रात्री, भिजवून द्या.

उरलेल्या माद्यांसाठी शेजारचा नर आणायचा विचार असेल तर नको, त्याच्यासोबत रोगही येतो. कृत्रिम रेतन करा. पण वराहाचं वीर्य 16-18 अंशांवर ठेवायचं असतं, घरच्या फ्रीजच्या थंडीत ते मरतं. मादी पाठीवर दाब दिल्यावर दगडासारखी उभी राहिली की बारा तासांनी पहिलं रेतन आणि आणखी बारा तासांनी दुसरं, शक्यतो सकाळ-संध्याकाळ.

पाचही माद्यांच्या भरवल्याच्या आणि उलटल्याच्या तारखा इथं टाका, नराचं वयही लिहा. मग पुढचं बोलू.