ताई, तुम्ही स्वतः कोणती कॅप्सूल घेता?

प्रश्न : आमच्या आप्पांचं वय ६४. बीपी १५० च्या वर असतं. ओळखीच्या एकाने ‘नसांचा गंज काढणाऱ्या’ अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणून दिल्या. तेव्हापासून आप्पांनी डॉक्टरांची गोळी सोडलीय. तुमचं सगळं संशोधन याच विषयातलं. कॅप्सूल चालू ठेवू का? आणि तुम्ही काय घेता?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आधी आप्पांना डॉक्टरांकडे न्या आणि गोळी सुटल्याचं सांगा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

‘गंज’ हा शब्द मीही भाषणांत पुष्कळ वापरलाय, तेव्हा थोडा दोष माझ्याकडे. गोष्ट खोटी नाही. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने नस सैल पडते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा उपद्रवी रेणू त्याला गाठतो नि निकामी करतो. मग नस आवळलेलीच राहते.

आम्ही हे उंदरांत बघायचो. जन्मजात बीपीवाल्या उंदरांची ही जात १९६३ साली जपानात क्योटोला तयार झाली. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. अशा उपद्रवी रेणूंनी चरबीची जितकी नासाडी केलेली, तितका रंग गुलाबी. बीपीवाल्यांच्या नळ्या जत्रेतल्या सरबतासारख्या दिसायच्या. अँटिऑक्सिडंट म्हणजे असे रेणू निकामी करणारं व्हिटॅमिन दिलेल्यांचा रंग फिका पडला, तेव्हा मी यावलला आईला फोन करून सांगितलं, औषध सापडलं म्हणून. ती म्हणाली, “आधी माणसाला देऊन बघ.”

ते दुसऱ्यांनी बघितलं. २००० साली ‘होप’ चाचणीचे निकाल आले. नऊ हजारांवर माणसं, साधारण साडेचार वर्षं, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई. हार्ट अटॅक, पक्षाघात काही कमी झालं नाही. माझी बरीच वर्षं याच व्हिटॅमिनच्या आशेवर गेली होती, खोटं कशाला बोलू. कारण मागाहून पटलं. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला इतक्या झपाट्याने धरतो, की व्हिटॅमिन पोचेपर्यंत कारभार उरकलेला असतो. गंमत म्हणजे त्याच चाचणीत रामिप्रिल या बीपीच्या गोळीने मात्र अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू तिन्ही घटले. अँजिओटेन्सिन हा हार्मोन नसांत सुपरऑक्साइड वाढवतो, आणि ही गोळी तो हार्मोनच कमी करते. व्हिटॅमिन धूर हाकलत बसतं, गोळी चुलीतलं लाकूड ओढते.

आप्पांचं बीपी कसं मोजता? एका हिवाळ्यात आमच्या सगळ्या उंदरांचं बीपी चढलं. आठवडाभर आम्ही औषधाला शिव्या घातल्या, आणि निघाला काय, तर शेजारच्या खोलीतला नवा पंखा. त्याच्या आवाजाने ते बिचकायचे. तेव्हा आप्पांना पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला, मगच पट्टा बांधा.

मी रोज सकाळी बीपीची एक साधी गोळी घेते. कॅप्सूल नाही. भरीत-भाकरी सुटलेली नाही, फक्त वरून मीठ नाही. बिबड्या आणि पापड दोनच, कारण मिठासारखंच पापडखारातही सोडियम असतं. यावरून बहिणीशी दर उन्हाळ्यात वाद होतो. केळी तुमच्याकडे घरचीच. पोटॅशियममुळे ती बीपीला चांगली. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर किती खायची ते डॉक्टरांनाच विचारा. जाताना कॅप्सूलचा डबाही सोबत न्या.