कोड बरोबर, पेन बरोबर, तरी दारावर काळपट रेघ? आधी दार तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. सिल्व्हर गाडी, स्टिकरवरचा रंगाचा कोड बघून मागवलेला टच-अप पेन (ओरखडे बुजवायची रंगाची छोटी ब्रशवाली बाटली), बॉनेटवर खड्यांनी उडालेले टवके त्याने झकास बुजले. पण उजव्या मागच्या दारावर रिक्षाने ओढलेला ओरखडा त्याच पेनने भरला तर लांबूनसुद्धा दिसणारी काळपट रेघ. खाली बहुतेकांनी सांगितलंय की पेन नीट हलवला नसेल किंवा दुसऱ्या कंपनीचा घ्या. माझ्या गाडीला हुबेहूब हेच झालं होतं, फक्त दार डावं होतं. म्हणून लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर क्षमस्व.

आधीच सांगतो, मी पेंटर नाही, गॅरेजवालाही नाही. कोड कुठे असतो, गाडी आधी धुवायची वगैरे सोडून देतो, ते तुम्ही केलेलंच दिसतंय.

माझ्या मते उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. एकच बाटली एका पॅनलवर जुळते आणि दुसऱ्यावर जुळत नाही, तर बाटलीकडे संशयाने बघण्याआधी पॅनलकडे बघा. स्टिकरवरचा कोड कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यावर कुठला रंग होता तेवढंच सांगतो. त्यानंतर त्या दारावर कोणी काय मारलं, ते त्या स्टिकरला कुठून कळणार?

तुम्ही म्हणाल, गाडी शोरूममधून नवी घेतली, पहिला मालक मीच, दार कधी रंगवलंच नाही. मीही हेच म्हणत होतो.

माझ्याकडे झालं असं. टच-अप जुळेना म्हणून जिथून गाडी घेतली तिथल्याच सर्व्हिस सेंटरच्या बॉडी शॉपच्या काउंटरवर गेलो. नाव घेत नाही. त्यांनी स्टिकर बघितलं, माझी बाटली बघितली आणि निकाल दिला: "कोड सेम आहे सर, लावताना जाड लागलंय." पुन्हा गेलो तर म्हणे ऊन लागून रंग उतरला असेल. एकाच गाडीचं एकच दार उन्हात उभं असतं का हो? मी म्हटलं, रंग मोजायचं यंत्र तुमच्याकडे आहे, दारावर लावून दाखवा. तर ते यंत्र फक्त विम्याच्या क्लेमच्या गाड्यांसाठी. मग सेल्सकडे पाठवलं, सेल्सने पुन्हा सर्व्हिसकडे, आणि डिलिव्हरीच्या आधीच्या तपासणीचा कागद मागितला की तो माणूस सोडून गेलेला. प्रत्येक फेरीचा शेवट मात्र ठरलेला: "क्लेम टाका ना सर, पूर्ण दार मारून देतो." खर्चापेक्षा या टोलवाटोलवीनेच जास्त छळलं. पावसाळा तोंडावर होता आणि ओरखड्यात पत्रा उघडा पडला होता.

उलगडा झाला तो कुर्ल्याला, सीएसटी रोडवरच्या एका छोट्या पेंटिंगवाल्याकडे. त्याने शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांची पट्टी, काढलंच नाही. दार उघडलं, कडेचं रबरी बीडिंग बोटाने उलटं केलं आणि म्हणाला, "हे बघा." बीडिंगखाली रंगाची बारीक पायरी होती, मास्किंग टेप काढल्यावर राहते तशी, आणि रबराच्या कडेवर सिल्व्हर धूळ बसलेली. बिजागरीच्या बोल्टवरचा रंगही तुटलेला. कारखान्यात दार बॉडीसकट रंगतं, बीडिंग नंतर बसतं, त्यामुळे तिथे टेपची रेघ असायचं कारणच नाही. मग त्याने रंगाची जाडी मोजणारं थिकनेस गेज टेकवलं. कारखान्याचा रंग प्राइमरपासून (पत्र्यावरचा अस्तराचा थर) क्लिअरपर्यंत (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. बाकीची गाडी त्यातच होती. डावं मागचं दार २५० च्या वर. म्हणजे गाडी माझ्या ताब्यात यायच्या आधी, ट्रेलरवर किंवा यार्डात, त्या दाराला काहीतरी लागलं होतं आणि कोणीतरी ते गुपचूप रंगवून मला नव्या गाडीच्या भावात दिलं होतं. रंगवलं चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सांगायचं तरी!

तुमचंही असंच असेल असं छातीठोक सांगत नाही. दुसरी एक शक्यता आहे आणि ती सिल्व्हरला नेहमी नडते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रेने मारलं की ते आडवे, सपाट बसतात आणि उजेड परत फेकतात. ब्रशने ओढलं की कसेही उभे-तिरके राहतात, म्हणून तोच रंग काळपट दिसतो. बॉनेटवरच्या टिंबात हे लपतं, दारावरच्या लांब रेघेत उघडं पडतं. कारण कुठलं ते ओळखायला सोपी युक्ती: पारदर्शक चिकटपट्टीच्या वरच्या बाजूला पेनने एक टिंब लावा, पूर्ण वाळू द्या आणि ती पट्टी आधी फेंडरवर (पुढच्या चाकावरचा पत्रा), मग त्या दारावर चिकटवून बघा. सकाळच्या उजेडात, सावलीत. सोसायटीच्या बेसमेंटमधल्या दिव्यांखाली मुळीच नको, तिथे सगळीच सिल्व्हर सारखी दिसते. टिंब फेंडरवर मिसळतं आणि दारावर उठून दिसतं, तर दाराचा रंग वेगळा. दोन्हीकडे मिसळलं, तर दोष ब्रशचा. दाराचा रंग वेगळा निघाला तर बीडिंग उलटून बघा. गेज विकत घ्यायची गरज नाही, जुन्या गाड्यांच्या व्यवहारातल्या कोणाकडेही असतं. फक्त बंपरवर लावून घाबरू नका, प्लॅस्टिकवर ते चालत नाही. बंपर कारखान्यातूनच किंचित वेगळ्या टोनचा येऊ शकतो, तो विषय निराळा.

आता त्या लाडक्या सल्ल्याबद्दल: "पेट्रोलचं झाकण काढून दुकानात न्या, ते मॅच करून देतात." एरवी उत्तम सल्ला आहे, पण इथे तोच बुडवतो. झाकणावर कारखान्याचा रंग आहे, दारावर नाही. झाकणाशी तंतोतंत जुळवलेली बाटली घेऊन घरी याल आणि दारावर पुन्हा तीच रेघ. गाडीच न्यावी लागते आणि त्या दाराचंच माप घ्यावं लागतं. मोठ्या पेंट मिक्सिंगच्या दुकानांत हातात धरायचं यंत्र असतं, ते वेगवेगळ्या कोनांतून रंग मोजतं आणि जवळचा फॉर्म्युला काढतं. मोजण्याआधी तेवढी जागा पॉलिश करायला सांगा, नाहीतर मळाचंच माप येतं. एकाच कोडचे फिकट, गडद, निळसर, पिवळसर असे उपप्रकार दुकानाच्या यादीत असतात, आणि सिल्व्हर म्हणजे तर नुसता गोंधळ. टोयोटाचंच बघा, १एफ७ वेगळा, १डी६ वेगळा, आणि बोलताना दोन्ही 'सिल्व्हर'. म्हणून रंगाच्या नावावर बाटली कधीच घेऊ नका.

यंत्राच्या कागदावरही आंधळा विश्वास नको. कार्डावर मारून, वाळवून, वर क्लिअर देऊन मगच दाराशी धरा. क्लिअरशिवाय मेटॅलिकचा अंदाज येत नाही. दुकानदार "होतो सर मॅच" म्हणत घाई करेल. करू दे.

भरताना रेघ ओढू नका. टूथपिकने टिंबाला टिंब लावत पातळ भरा, एक थर वाळल्यावर दुसरा. तळाला पत्रा दिसत असेल तर आधी गंज खरवडून प्राइमर द्या, त्याशिवाय वरून केलेलं सगळं वाया. नख अडकत नसेल तर ओरखडा बहुधा फक्त क्लिअरमध्ये आहे, तिथे रंग लावूच नका, रबिंग कंपाउंडने घासून जातो. आणि आत्ता लावलेली रेघ थिनरने पुसायच्या विचारात असाल तर जपून. कारखान्याचा भट्टीत भाजलेला रंग झटकन पुसलेलं थिनर सहन करतो, पण दार कोणी हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) नसलेल्या स्वस्त रंगाने मारलं असेल तर तोही फडक्यावर येईल. दाराच्या आतल्या खालच्या कोपऱ्यात आधी करून बघा. फडकं सिल्व्हर झालं तर थांबा, आणि दार कारखान्याबाहेर रंगलंय याचा पुरावा म्हणून फोटो काढून ठेवा.

जून ते सप्टेंबर हे काम मुंबईत उघड्यावर करू नये, हे माझं ठाम मत. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा तिथे बसतो आणि रंग पांढुरका पडतो. पण पत्रा उघडा असेल तर दसऱ्यापर्यंत वाटही बघू नका, आपल्या खाऱ्या हवेत तो लगेच तांबूस होतो. कोरडा दिवस गाठून नुसता प्राइमर लावा, रंगाचं नंतर बघू. आणि रोज गाडी पुसणाऱ्याला त्या दारावर कोरडं फडकं मारू नको म्हणून सांगा. मी सांगतो, तो मारतोच, पण सांगा.

क्लेमचं म्हणाल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा दाराचं बिल ५,००० आलं. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० सक्तीने तुमच्या खिशातून. रंगाच्या मटेरियलवर विमा कंपनी निम्मा घसारा कापते. एकत्रित बिलात मटेरियल २५ टक्के धरतात, म्हणजे आणखी ६२५ गेले. हातात ३,३७५. उलट नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर येतो. पुढच्या नूतनीकरणाला ३५ टक्के मिळणार असते आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम ८,००० असता, तर २,८०० तिथेच गेले, आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) किंवा बोनस प्रोटेक्शन (क्लेम करूनही बोनस टिकवणारं) घेतलं असेल तर हिशेब बदलतो, पॉलिसी वाचा. पण काउंटरवरचा माणूस हे मांडून दाखवणार नाही, त्याला दार मारायचंय.

दार खरंच आधी रंगवलेलं निघालं, तर शोरूमशी फोनवर बोलू नका. गेजचे आकडे आणि बीडिंगखालचे फोटो जोडून ईमेल करा, कंपनीच्या ग्राहक विभागालाही त्यात घ्या. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ती डिलिव्हरीपासून मोजायची की कळल्यापासून यावर वाद घालतात, त्यामुळे वकिलाला विचारा, माझ्यावर जाऊ नका. माझ्या ईमेलला कंपनीच्या ऑफिसातून "संबंधित डीलरशी संपर्क साधावा" एवढंच उत्तर आलं. डीलरने तेवढंही दिलं नाही. शेवटी त्या कुर्ल्याच्या माणसानेच दाराचं माप घेऊन रंग बनवून दिला. ओरखडा आता शोधला तरच सापडतो.

रंग बनवून घ्याल तेव्हा डब्यावर फॉर्म्युल्याचं लेबल लावूनच मागा आणि त्यावर "फक्त उजवं मागचं दार" असं लिहून ठेवा. बॉनेटसाठी तुमचा जुना पेन आहेच. बीडिंगखालचा फोटो काढलात तर इथे टाका, म्हणजे नक्की काय ते सांगता येईल.