करूसं वाटत नाही, म्हणून थांबायचं का?

"मन सांभाळा म्हणताय ओ मॅडम, पण त्याला वेळ कुठला काढू? म्हशी हायत, सासू हाय, शेत हाय. आणि खरं सांगू? काय करूसंच वाटत नाही."

बेळगाव-खानापूर भागातल्या बायकांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. पुरुषांचंही दुखणं हेच असतं, फक्त ते पाठदुखीपासून बोलायला सुरुवात करतात. या प्रश्नाचं उत्तर मी एका बाईंच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना वैनी म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

वैनींचं गाव खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. मालक गोव्यात कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी. धाकटा मुलगाही शिकायला पुण्याला गेला आणि घरात राहिल्या या आणि सासूबाई. छातीत धडधडतं म्हणून त्यांनी ईसीजी काढला होता, तो व्यवस्थित आला. "रिपोर्टमध्ये काय नाही म्हणतात, मग मी आळशीच झाले म्हणायचं," असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

आळस नव्हता तो. पण बोलण्याआधी मी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून यायला सांगितलं. मनाचं आहे असं ठरवून टाकायची घाई मला आवडत नाही. थायरॉइड मंद असलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, वैनींचं बरंच खाली होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उदासी मात्र त्याने जाणार नव्हती.

मग मी त्यांना एक सरळ प्रश्न विचारला, "जगणं नको असं कधी वाटतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, अशी लोकांना भीती असते. तसं होत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. वैनी म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, डोळा लागला की उघडूच नये." पुढे खोदून विचारलं. ठरवलेलं काही नव्हतं. तरी त्याच दिवशी त्यांच्या संमतीने मालकांना फोन लावला आणि शेतात फवारायचं औषध घराबाहेर, दिराकडे कुलपात ठेवायला सांगितलं. शेतकऱ्याच्या घरात ही एवढीशी गोष्ट जीव वाचवू शकते. असा विचार टोकाचा असतो तसा बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळेत हाताशी काही नसणं महत्त्वाचं.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. वैनींचा रोजचा दिवस आम्ही तासातासाने कागदावर मांडला. त्यातून दिसलं, की भजनाला जाणं बंद, शिलाई बंद, बहिणीला फोन बंद. राहिली ती फक्त कामं. मन खाली गेलं की आपण आधी आवडीच्या गोष्टी सोडतो, कारण त्या सोडल्या म्हणून कुणी ओरडत नाही. पण मनाला उभारी त्यांच्यातूनच मिळत असते, ती बंद झाली की मन आणखी खाली जातं. हे चक्र 'वाटेल तेव्हा करेन' म्हणून तुटत नाही. आधी करायचं, वाटणं मागून येतं. उदासीवरच्या उपचारात ही पद्धत चांगली तपासलेली आहे आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच आहे.

दिवसभरात थोडं तरी हलकं कधी वाटतं, असं विचारल्यावर वैनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डेअरीला दूध घालायला जाते तवा. चार बायका भेटतात." तिथूनच सुरुवात केली. दूध घातल्यावर लगेच माघारी न फिरता शेजारणीबरोबर देवळापर्यंत चालायचं. वेगळा वेळ काढायचा नाही, जायचं तर होतंच. "मनच नाही तर कशी जाऊ?" याला माझं उत्तर एकच होतं, मन नसताना जा, आणि आल्यावर कसं वाटलं तेवढं वहीत एका शब्दात लिहा.

झोपेचं काम जास्त चिवट निघालं. एकटेपणामुळे त्या साडेआठलाच अंथरुणात शिरायच्या, बारापर्यंत मोबाइल बघायच्या आणि तीनला जाग आली की कर्जाचा आणि मुलाचा हिशेब सुरू. मी झोपायची वेळ ठरवली नाही, उठायची ठरवली. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचं. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. जाग येऊन वीसेक मिनिटं तळमळ झाली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. चारनंतर चहा नाही, कारण त्यातल्या कॅफिनमधलं निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. आणि काळजीला संध्याकाळची पंधरा मिनिटं द्यायची. दारात बसून लिहायचं, उद्या यातलं मला काय करता येईल आणि काय माझ्या हातातच नाही. रात्री तेच डोक्यात आलं तर 'उद्या संध्याकाळी बघू' म्हणून सोडायचं. मालकांशीही फोनवर फक्त पैशाचं बोलणं व्हायचं. रोज एक गोष्ट पैशाशिवायची बोलायची, असं दोघांनी कबूल केलं.

श्वासाचा व्यायामही दिला, श्वास चार अंकांत घ्यायचा आणि सहा अंकांत सोडायचा. धडधड कमी व्हायला त्याचा उपयोग झाला. पण नुसत्या श्वासाने उदासी जाते असं मी कुणाला सांगत नाही.

जुलैत रोप लावणीच्या धांदलीत आणि पावसात सगळं बंद पडलं. "काय उपयोग नाही बघा," म्हणत वैनी आल्या. आम्ही काम सोडलं नाही, लहान केलं. पंधरा मिनिटं चालणं जमत नसेल तर पडवीत पाच मिनिटं. याच सुमारास त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि कामं होत नसतील, तर घरगुती उपायांवर थांबू नये. उदासीवरच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने बंद करायची नसते. "सवय लागेल" ही भीती उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्यांना लागू होत नाही.

मालकांनी विचारलं, "देवीला कौल लावू काय?" लावा म्हटलं. श्रद्धेचा आधार मोठा असतो. फक्त कुणी गोळ्या बंद करा, उपाशी ठेवा, मारून भूत काढतो असं म्हटलं, तर तिथून उठून यायचं.

वैनी आता महिन्या-दोन महिन्यांनी येतात. वाईट दिवस अजून येतात. पण शिलाई पुन्हा सुरू आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसला तिथल्या बायकांना पैसे पडत नाहीत, त्यामुळे बेळगावच्या बहिणीकडे त्या जाऊन-येऊन असतात. आपल्या भागातल्या प्रत्येक बाईने ही सोय स्वतःसाठी वापरावी असं मला मनापासून वाटतं, नुसती बाजारहाट आणि दवाखान्यासाठी नाही.

ज्यांना कुणाकडे जाता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्रीही चालू, मोफत. कन्नडबरोबर मराठीतही बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही मनोरुग्णसेवेची सरकारी संस्था आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात ते आशाताईंना विचारा. फोनवर सगळं नीट मांडून सांगता येईल का, याची चिंता करू नका. "मला झोप येत नाही" एवढं बोललात तरी पुढचं समोरचा माणूस विचारतो.