‘ड्रीमगर्ल्स’मधली एफी आणि खरी फ्लॉरेन्स बॅलार्ड

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ‘ड्रीमगर्ल्स’ या चित्रपटातली गायिका एफी खरोखरच्या कुणावर बेतलेली आहे का, आणि एवढा खणखणीत आवाज असताना तिला मागे का ढकललं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सुप्रीम्स या साठच्या दशकातल्या अमेरिकन गायिकांच्या गटातल्या फ्लॉरेन्स ऊर्फ फ्लो बॅलार्डवर. जेनिफर हडसनने एफीच्या भूमिकेसाठी मिळालेलं गोल्डन ग्लोब तिलाच अर्पण केलं होतं. फक्त चित्रपटाचा शेवट खरा धरू नका. एफीला शेवटी रंगमंच परत मिळतो. फ्लो मात्र फेब्रुवारी १९७६ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेली. वय ३२.

आता दुसरा प्रश्न. ‘गटातल्याच डायना रॉसने ढकललं’ आणि ‘दारूने घात केला’ ही दोन ठरलेली उत्तरं तुम्हाला सगळीकडे मिळतील. दोन्हींत थोडंफार तथ्य आहे, पण दोन्हींवर माझं समाधान होत नाही.

मुळात गट जमला तो फ्लोपासून. १९५९ मध्ये डेट्रॉइटच्या ब्रूस्टर वसाहतीतल्या या मुलीला प्राइम्स या पोरांच्या गटाच्या मॅनेजरने हेरलं. त्याला जोडीला मुलींचा गट हवा होता. फ्लोने मेरी विल्सनला आणलं, मग डायना रॉस आणि बेटी मॅकग्लोन आल्या, आणि प्राइमेट्स हा गट उभा राहिला. जानेवारी १९६१ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने करार करताना नाव बदलायला सांगितलं. समोर ठेवलेल्या नावांतून ‘सुप्रीम्स’ निवडलं ते फ्लोने. बाकीच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

करार होण्याआधीच, १९६० मध्ये, ओळखीच्याच एका माणसाने चाकूच्या धाकावर तिच्यावर बलात्कार केला होता. आधीची मोकळीढाकळी फ्लो त्यानंतर पुन्हा तशी दिसली नाही, असं मेरीने आठवणींत लिहिलंय. ‘फ्लो तऱ्हेवाईक होती’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचून बोलावं.

आवाजाचं म्हणाल तर ‘बटर्ड पॉपकॉर्न’ ऐका, १९६१ चं. पुढे फ्लो. आवाज चर्चमध्ये तयार झालेला, तळापासून उसळणारा. स्टुडिओत तिला माइकपासून बरीच लांब उभी करत, असं सांगतात, आणि रेकॉर्ड ऐकल्यावर ते पटतं. सॅम कुकच्या गाण्यांच्या १९६५ च्या अल्बममध्ये ‘गुड न्यूज’ पण तिचंच आहे. पण मोटाउनचा मालक बेरी गॉर्डीला गोऱ्या श्रोत्यांच्या घरात शिरायचं होतं. डायनाचा पातळ, किंचित नाकातला आवाज छोट्या ट्रान्झिस्टरवरही वाद्यांतून सुईसारखा बाहेर येतो. १९६४ मध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यामागोमाग लागोपाठ आणखी चार गाणी. मग कोण कशाला बदल करतंय! धंदा म्हणून निर्णय चुकला असं मला म्हणता येत नाही. कुढायला लावणारी गोष्ट वेगळीच: कार्यक्रमात ‘पीपल’ हे एक गाणं फ्लोच्या वाट्याचं होतं, तेही पुढे डायनाकडे गेलं. दहा गाणी पहिल्या क्रमांकावर, आणि त्यांतल्या एकाचंही मुख्य गायन तिचं नाही.

तिचा स्वभाव कळायला न्यूयॉर्कच्या कोपा क्लबमधलं १९६५ चं रेकॉर्डिंग ऐका. सोन्याने काही म्हातारपणी सुख मिळत नाही, अशी ओळ डायना गाते, आणि मागून फ्लो मध्येच तोंड घालते: थांब बाई, ते काही मला एवढं पटत नाही! अख्खा क्लब हसतो.

१९६७ पर्यंत दारू वाढली, वजन वाढलं, कार्यक्रम चुकू लागले. एप्रिलमध्ये हॉलिवूड बोलच्या कार्यक्रमात सिंडी बर्डसाँगला तिच्या जागी उभं केलं, आणि त्याच उन्हाळ्यात लास वेगसमधून फ्लोला कायमचं घरी पाठवलं. गटाचं नाव झालं ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’.

माझ्या मते खरा घात इथे झाला, कागदावर. १९६८ मध्ये सुमारे १,३९,००० डॉलर देऊन मोटाउनने हिशेब मिटवला. बदल्यात तिने पुढचे हक्क सोडले, आणि आपण सुप्रीम्समध्ये होतो हे जाहिरातीत म्हणायलाही तिला बंदी. एबीसी कंपनीने तिची दोन सिंगल्स काढली, ती पडली, अल्बम डब्यात गेला. पडणारच! नवी गायिका म्हणून तिला कोण ओळखणार? जे नाव तिने निवडलं तेच तिला वापरता येत नव्हतं. १९७१ मध्ये तिने ८७ लाख डॉलरचा दावा लावला, पण सही केलेला कागद आड आला. घर गेलं, नवरा दुरावला, तीन मुलींना घेऊन सरकारी मदतीवर दिवस काढायची वेळ आली.

शेवटच्या वर्षी मात्र थोडं सावरलं होतं. जून १९७५ मध्ये डेट्रॉइटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये, अत्याचार करू पाहणाऱ्या तुरुंगरक्षकाच्या खुनाचा आरोप असलेल्या जोन लिटलच्या खटल्याच्या मदतनिधीसाठी ती गायली. विम्याच्या पैशातून घरही घेतलं होतं.

डायनाला खलनायिका ठरवायचं असेल तर ठरवा, अंत्यसंस्कारातल्या गर्दीनेही तिची हुर्यो केली होतीच. पण गॉर्डीच्या कंपनीत गटाचं नाव मोटाउनच्या मालकीचं होतं, फ्लो, मेरी, डायना यांपैकी कुणाच्याच नाही. मेरी विल्सनसुद्धा पुढे त्याच नावासाठी कोर्टात भांडत राहिली. मूळ सदस्य नसलेल्यांनी जुन्या गटांची नावं वापरून कार्यक्रम करू नयेत, म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायदे झाले, त्यासाठी ती २०२१ मध्ये जाईपर्यंत झटत होती. तिचं १९८६ चं आत्मचरित्र मिळालं तर चित्रपटाआधी ते वाचा.