कृषी सल्ला : भेंडीची पट्टी, ओहोळाचं पाणी आणि नावावर नसलेली जमीन

भात पोटरीला आलं की शेतकऱ्याला चार ओळी लिहायला उसंत मिळते, म्हणून या दिवसांत प्रश्न जास्त येतात. या खेपेला चार प्रश्न एकत्र घेतो.

मुरबाड तालुक्यातल्या एका ताईंनी गेल्या उन्हाळी भेंडीची पट्टी, म्हणजे बाजारातली विक्रीची पावती, पाठवून विचारलंय, वाशीला माल घालून हातात काहीच का उरत नाही, आणि मुंबईत थेट विकता येईल का? शहापूरच्या एका पाड्यावरचे दादा लिहितात, मुंबईचं पाणी आमच्या उशाशी अडवलंय आणि होळीनंतर आम्हाला टँकर लागतो, दुसरं पीक घ्यायचं कसं? आरेतल्या पाड्यावरच्या एका मावशींची अडचण अशी की सातबारा नावावर नाही, त्यामुळे बँक उभं करत नाही. आणि कल्याणला शिकणारा एक मुलगा विचारतो, एवढ्या योजना असूनही आपल्यासारख्या देशात शेती मागेच का? मी गावी परतू की नको?

त्या मुलापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात बाकीच्यांची उत्तरं थोडीथोडी आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात एका खातेदाराकडे सरासरी १.०८ हेक्टर जमीन आहे, महाराष्ट्रात १.३४ हेक्टर. देशातल्या शंभरातल्या ८६ खातेदारांची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे. तुझ्या वडिलांकडे ३० गुंठे आहेत, जेमतेम ०.३ हेक्टर, म्हणजे सरासरीच्याही बरीच खाली. खताची एक गोणी घेणाऱ्यासाठी दुकानदार भाव सोडत नाही आणि सहा क्रेट आणणाऱ्यासाठी व्यापारी थांबत नाही. अवजार, बोअर, गोदाम, गाडी, सगळ्यांचा खर्च मोठा आणि तो भागवायला रान लहान. वाण चांगलं असूनही शेती मागे राहते ती इथे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानेही वाटण्या थांबल्या नाहीत, आणि भाऊ-भाऊ पुन्हा बांध मोडून एक होतील अशी आशा मी धरत नाही. जमीन ज्याची त्याची राहू दे. खरेदी, वाहतूक आणि विक्री ही तीन कामं मात्र एकत्र करा. माझा सगळा सल्ला एवढाच आहे. तो कसा लागू होतो ते ताईंच्या पट्टीवर दाखवतो.

ताई, तुमची पट्टी मी तीनदा वाचली. १२० किलो भेंडी, दर २२ रुपये, म्हणजे २,६४० रुपये. त्यातून टेम्पोभाडं ४८०, हमाली-तोलाई-वाराई १५०, आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, ८ टक्क्यांनी २११. हाती आले १,७९९. तोडणीची मजुरी तुम्ही ९०० लिहिली आहे, ती वजा जाता राहिले ८९९. किलोमागे साडेसात रुपये, आणि बियाणं, खत, फवारणी, तुमचे स्वतःचे हात अजून धरलेलेच नाहीत. त्याच दिवशी तुमच्या भावाने दादरला भेंडी ८० रुपये किलोने विकली जाताना पाहिली. तुमचा राग मला कळतो.

यात पहिली गोष्ट आडतीची. फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, हा राज्याचा नियम जुलै २०१६ पासून आहे. ते २११ रुपये तुमचे आहेत. पट्टी पक्की घ्या, तिच्यावर गाळा नंबर आणि प्रत्येक कपात वेगळी लिहून घ्या. तरीही आडत कापली तर पट्टीची प्रत जोडून बाजार समितीच्या सचिवांकडे अर्ज द्या आणि एक प्रत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना पाठवा. एकटीने अर्ज दिला तर पुढच्या वेळी आपला माल कोण घेणार, ही भीती खोटी नाही. म्हणून अर्जावर दहा-पंधरा जणींच्या सह्या हव्यात.

दुसरी गोष्ट भाड्याची. तुम्हाला किलोला चार रुपये भाडं पडलं, कारण गाडीवाल्याने वाटेत सात ठिकाणी थांबून सात घरांचा माल भरला. गावातल्या सगळ्यांनी तोडणीचे दिवस एकच ठरवले आणि पूर्ण गाडी केली तर भाडं अडीच रुपयांपर्यंत येऊ शकतं, असा माझा अंदाज आहे. १२० किलोला १८० रुपये वाचले. आडतीचे २११ मिळवले की ३९१ होतात. एकही भेंडी जास्त न पिकवता ८९९ चे १,२९० झाले.

तिसरी गोष्ट गोणीची, आणि याबद्दल मला मनापासून सांगायचंय. मध्यरात्रीनंतर गाड्या लागतात तेव्हा मी अनेकदा वाशीच्या भाजीपाला मार्केटात उभा राहिलोय. गोणीचं तोंड उघडलं की खरेदीदार वरची भेंडी बघतच नाही. कोपरापर्यंत हात आत घालून तळातली मूठभर काढतो, एकीचं टोक अंगठ्याने मोडून बघतो. कट्कन तुटली तर बोलणी पुढे. पण तळातली भेंडी दाबाने आणि उष्णतेने तापलेली असते, शिरा काळ्या पडलेल्या असतात, आणि त्या मूठभर भेंडीवरून अख्ख्या गोणीचा दर ठरतो. तेव्हा गोणी सोडा, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरा. एक दिवसाआड तोडा, बोटभर लांबीची कोवळी असतानाच, देठासकट, हातमोजे घालून. तोडलेला माल झाडाच्या सावलीत पसरा. भेंडीवर पाणी मारू नका, ओली भेंडी काळी पडते. जून झालेली वेगळी काढा, तिच्यापायी चांगल्या मालाचा भाव पडतो.

पालेभाजी किंवा टोमॅटो असेल तर शीतकक्ष बांधून बघा. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटर फट, फटीत वाळू, वर वाळ्याचं किंवा पेंढ्याचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची. वीज लागत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ही रचना, साधारण १०० किलो माल मावतो. मात्र हवा कोरडी असते तेव्हाच ती चांगली चालते. मुरबाड-शहापूरला फेब्रुवारी ते मे उपयोग होईल, वसई-उत्तनच्या दमट किनाऱ्यावर तेवढा नाही, पावसाळ्यात तर कुठेच नाही.

मुंबईत थेट विक्रीचं विचारलंत. बाजार आवाराबाहेर फळभाजी विकायला २०१६ पासून मोकळीक आहे आणि पणन मंडळाचे संत सावता माळी आठवडे बाजार त्यातूनच पुढे आले. पण सोसायटीतल्या बाईला फक्त भेंडी नको असते. तिला त्याच टेबलावर दुधी, कारली, मेथी, लिंबू, कोथिंबीर हवी असते आणि दर शनिवारी हवी असते. एक खाडा पडला की गिऱ्हाईक तुटतं. म्हणून १५-२० जणींचा गट 'आत्मा'कडे, म्हणजे जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे, नोंदवा, कोण काय लावणार ते पेरणीआधी ठरवा आणि पहिलं वर्ष एकाच सोसायटीवर काढा. शेतकरी उत्पादक कंपनीची घाई नको. कायद्याने दहा उत्पादकांना ती काढता येते, पण हिशेबनीस आणि रोजचा व्यवहार नसेल तर ती कागदावरच राहते.

आणि कल्याणच्या मुला, अशा गटाला वजन, पट्ट्या आणि बँकेचं पासबुक सांभाळणारं माणूस लागतं. गावी परत जाणं म्हणजे नांगरच धरणं, असं समजू नकोस. कॉलेज सोडू नकोस, आधी एक हंगाम सुट्टीच्या दिवशी हे काम करून बघ.

आरेच्या मावशी, तुम्ही पावसात शिराळी, काकडी, अळू घेऊन गोरेगाव स्टेशनबाहेर बसता. तुमच्यासाठी वाट संयुक्त देयता गटाची. ४ ते १० जणी एकमेकींची हमी घेतात आणि जमीन गहाण न ठेवता कर्ज मिळतं. एकीने थकवलं तर सगळ्यांच्या अंगावर येतं, तेव्हा जिचं घर आतून माहीत आहे तिलाच गटात घ्या. जमिनीचा हक्क मिळावा म्हणून वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ आधीपासूनची कसणूक दाखवावी लागते. तुमची जमीन त्यात बसते का ते आधी तपासून घ्यावं लागेल, पण जुनी शिधापत्रिका, दंडाच्या पावत्या, जे काही असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांनी सावकाराकडे जायचं कारण नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं की केंद्राच्या आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं.

शहापूरच्या दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मुंबईच्या कार्यालयात बसून वाचताना मला अवघडल्यासारखं झालं. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी या शहराच्या नळाला येतं. धरणाच्या पाण्यात पाड्यांचा वाटा हा वरच्या पातळीवरचा निर्णय आहे, तो लावून धरायलाच हवा. पण पाडा या दिवाळीपर्यंत वाट बघत बसू शकत नाही. तुमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ओहोळातून निघून जातो. ऑक्टोबरच्या अखेरीला धार बारीक झाली की वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्यांचा कच्चा बांध, घाला. ओहोळ अरुंद आणि सरळ असेल, दोन्ही काठ पक्के असतील अशी जागा निवडा. गोण्या पाऊणच भरा, तोंडं शिवा आणि विटांसारख्या सांधा मोडून रचा. पाण्याच्या बाजूने चिकणमाती लिंपा, जादा पाण्याला मधे वाट ठेवा. खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा फायदा मिळतो. पहिल्या वर्षी त्या ओलीवर वाल, चवळी, मूग घ्या. भेंडी-कलिंगडाकडे विहिरीची पातळी बघूनच वळा. ठिबकला अल्पभूधारकांसाठी ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. पूर्वसंमती हातात येण्याआधी संच विकत घेऊ नका, पैसे अडकतात.

बंधाऱ्याला दोनशे-तीनशे रिकाम्या गोण्या लागतील. तालुक्यात कुठे बांधकाम चालू असेल तिथून सिमेंटच्या गोण्या आत्तापासून मागून ठेवा, फाटक्या घेऊ नका. कुठे अडलं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.