बचत कागदावरची आणि तिजोरीतली

प्रश्न : अमेरिकेत सरकारी उधळपट्टीवरून चाललेले वाद मी रोज वाचतो. ‘डोज’चे, म्हणजे ट्रम्प सरकारने खर्चकपातीसाठी उभारलेल्या आणि इलॉन मस्क ज्याचा चेहरा ठरले त्या यंत्रणेचे, समर्थक म्हणतात, अब्जावधी डॉलर वाचले. विरोधक म्हणतात, काही वाचलं नाही, नुसती माणसं घरी बसवली. दोन्हीकडचे लोक आकडे फेकतात. तुम्ही लेखापरीक्षणात आयुष्य घालवलंत. यातलं खरं काय, ते आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

उत्तर : कोणीही बचतीचा आकडा सांगितला की मी पहिल्यांदा एकच विचारते : हा पैसा एरवी तिजोरीतून गेला असता का? गेला असता आणि आता जाणार नसेल, तरच ती बचत.

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘डोज’ने रद्द केलेल्या कंत्राटांची यादी जाहीर केली. त्यात स्थलांतरितांशी संबंधित खात्याचं एक कंत्राट ८ अब्ज डॉलरचं दाखवलं होतं. प्रत्यक्षात ते ८० लाखांचं निघालं आणि त्यातलेही सुमारे २५ लाख आधीच खर्च झाले होते. म्हणजे फार तर ५५ लाख वाचले. पुढे आकडा दुरुस्त झाला, पण तोवर ८ अब्ज जगभर फिरून आले होते. शून्यांची चूक कोणाच्याही हातून होते. मला जास्त खटकली ती मोजण्याची रीत. अनेक ठिकाणी कंत्राटाची कमाल मर्यादाच बचत म्हणून धरली होती. ही मर्यादा म्हणजे सरकार जास्तीत जास्त किती मागवू शकतं त्याची रेघ. तेवढा पैसा जाईलच असं नसतं. आमच्या दप्तरात असा हिशेब आला असता तर मी त्यावर तिथल्या तिथे आक्षेप लिहिला असता.

आता एकूण आकार बघा. २०२४च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा खर्च सुमारे ६,७५० अब्ज डॉलर होता. इलॉन मस्क यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रचारसभेत किमान २,००० अब्ज कापण्याची भाषा केली होती. पण त्या खर्चातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा फक्त निवृत्तिवेतन, मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) व मेडिकेड (गरिबांसाठी) या आरोग्य योजना, संरक्षण आणि कर्जावरचं व्याज यांचा आहे. एकटं व्याजच ८८० अब्जांच्या आसपास. सगळे मुलकी कर्मचारी उद्या घरी पाठवले तरी पगार-भत्त्यांचे जेमतेम ३०० अब्ज वाचतील, आणि मग कर गोळा करायलाही कोणी उरणार नाही. परदेशी मदतीवर तर एवढं रान उठलं, पण ती एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास होती. २०२५चं आर्थिक वर्ष संपलं तेव्हा खर्च ७,००० अब्जांवर गेला होता. काही कपातींचा परिणाम पुढच्या वर्षांत दिसेल, हे मान्य. तरीही सभेतला आकडा आणि हा आकडा शेजारीशेजारी ठेवूनच वाद घालावा.

म्हणून विरोधकांचं सगळं बरोबर, असं मात्र मुळीच नाही. ‘उधळपट्टी हा सगळा बागुलबुवा’ म्हणणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. अमेरिकी संसदेची स्वतःची लेखापरीक्षण यंत्रणा आहे, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, १९२१पासूनची. तिच्या हिशेबाने २०२४मध्ये सुमारे १६२ अब्ज डॉलर चुकीच्या पद्धतीने दिले गेले. ही सगळी चोरी नव्हे. कुठे जास्त रक्कम गेली, कुठे कागदपत्रं अपुरी होती. पण मोठा हिस्सा मेडिकेअर आणि मेडिकेडमधला आहे आणि तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. गरिबांच्या योजनेतली गळती दाखवली की योजनेवरच हल्ला झाला असं मानणं म्हणजे त्या योजनेचं नुकसान करणं आहे.

हा विषय एका पक्षाचा कधीच नव्हता. सरकारी उधळपट्टीला ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा खोचक पुरस्कार १९७५पासून देणारे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर डेमोक्रॅट होते. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी उधळपट्टी शोधायला नेमलेल्या ग्रेस आयोगाने १९८४मध्ये २,४७८ शिफारशी केल्या आणि तीन वर्षांत ४२४ अब्ज वाचतील असं सांगितलं. संसदेच्या तज्ज्ञांनी त्यातल्या मुख्य शिफारशी तपासल्या तेव्हा बचत बरीच कमी भरली. डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात उपाध्यक्ष अल गोर यांनी नोकरशाही छाटण्याची मोहीम चालवली. आज एकमेकांवर तुटून पडणारे लोक हे सोयीस्कर विसरतात.

आणखी एक सांगते, कारण यात फसगत फार होते. ‘ट्रेडमिलवर धावणारी कोळंबी’ हे उधळपट्टीचं लाडकं उदाहरण आहे. संशोधन होतं ते रोगजंतू आणि पाण्यातला कमी प्राणवायू यांचा सागरी जिवांवर काय परिणाम होतो याचं. ट्रेडमिल हा त्यातला किरकोळ भाग. त्या संशोधनाला पैसे द्यावेत की नाही, यावर जरूर भांडा. पण ते भांडण धोरणाचं आहे. मंजूर कामासाठी दुप्पट बिल लावणं, मेलेल्या माणसाच्या नावाने पैसे उचलणं, ही वेगळी गोष्ट. नावडता खर्च आणि वाया गेलेला खर्च एका यादीत घातले की हिशेब तिथेच बिघडतो.

सगळ्यात वाईट वाटलं ते जानेवारी २०२५मध्ये. ट्रम्प प्रशासनाने सतराएक खात्यांचे महानिरीक्षक एका फटक्यात काढले. १९७८च्या कायद्याने खात्याखात्यांत बसवलेली ही माणसं. गैरव्यवहार शोधणं हेच त्यांचं काम. उधळपट्टी थांबवायची मोहीम हिशेब तपासणाऱ्यांना काढून सुरू होते, याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही, सरकार कोणाचंही असो.

तुमच्या मित्रांशी यावरून वाद झाला तर अकाउंटेबिलिटी ऑफिसची ‘हाय रिस्क’ यादी, म्हणजे गैरव्यवहार आणि नासाडीचा धोका जास्त असलेल्या सरकारी कामांची यादी, उघडायला सांगा. १९९०पासून ती निघते आहे. संरक्षण खात्याची शस्त्रखरेदी आणि मेडिकेअर, दोन्ही तिच्यात पहिल्यापासून आहेत. ‘तुमच्या पक्षाने सत्तेत असताना यातलं काय सुधारलं?’ हे दोन्ही बाजूंच्या लोकांना विचारा.