कंत्राटी सफाई कामगाराला कचऱ्यातली सुई टोचली, तर रुग्णालयाची जबाबदारी असते का?

हो, असते. पण कायद्याआधी बोट. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात धरू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. "सुपरवायझर सोमवारी येतील" म्हणून थांबायचं नाही.

आता कायदा. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही औषधं, हातमोज्यांसारखी संरक्षक साधनं आणि प्रशिक्षण देणं रुग्णालयाचं काम आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायलाच हवी. कंत्राटी कामगारही त्यात आले. लस झालेली नसेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा, कारण टोचलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो.

मुळात सुई पिशवीत आलीच कशी? तिची जागा पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. ती पिशवीत टाकणाऱ्याची चूक आहे, टोचून घेणाऱ्याची नव्हे. घटनेची लेखी नोंद करायला लावा आणि प्रत मागून घ्या.